पीथमपूरची हरवलेली ऐंशी मिनिटं

नोकरीची शेवटची वीस-बावीस वर्षं मी संगणकांना झोपवायचं काम केलं. असं सांगितलं की लग्नाकार्यात भेटलेले पाहुणे हसतात आणि म्हणतात, "म्हणजे बंद करायचं ना? ते तर आमचा नातूही करतो." बंद करणं वेगळं आणि झोपवणं वेगळं. झोपलेल्यानं हाक मारताच ओ द्यायची असते, आणि आपण झोपलो होतो हे कुणाला कळूही द्यायचं नसतं. ही विद्या कचेऱ्यांतून पूर्वापार चालत आलेली आहे. यंत्राला ती शिकवायला मात्र मला फार कष्ट पडले.

देवासला आमचा लहानसा कारखाना होता. मालक शिंत्रे साहेब, कारागीर बारा-तेरा, आणि संगणकाचं म्हणून जे काही असेल ते पाहणारा मी, मुकुंद मुजुमदार. आम्ही तापमान नोंदवणाऱ्या पेट्या बनवायचो. दवाखान्यातला रक्ताचा फ्रिज, बियाण्यांचं थंड गोदाम, औषध कंपनीची प्रयोगशाळा, जिथे तापमान हललं की माल बिघडतो तिथे आमची पेटी लागायची. पेटीच्या आत एक साधा संगणक असे. तो मिनिटामिनिटाला तापमान मोजायचा, शेजारी वेळ लिहायचा आणि मर्यादेबाहेर गेलं की बोंब ठोकायचा.

त्या संगणकाच्या तळाशी एक मुख्य प्रोग्रॅम असतो, त्याला कर्नेल म्हणतात. तो वरून दिसत नाही, पण कुणी कधी काम करायचं आणि कुणी थांबायचं हे तोच ठरवतो. आमच्या पेटीसाठी तो जुळवून, तासून तयार करणं ही माझी रोजीरोटी. नव्वदच्या दशकात एक गोष्ट माझ्या डोळ्यांत सलायला लागली. संगणकाला काम नसलं तरी तो स्वस्थ बसत नाही. दाणे संपल्यावरही जातं गरगरत राहावं तसा वीज खात राहतो. नव्या चिपांमध्ये विश्रांतीची सोय आली होती. काम नसेल तेव्हा चिप डुलकी घेईल, डिस्क थांबेल, पडदा काळा होईल. पण सोय असून काय उपयोग, कर्नेलनं हुकूम सोडायला हवा. तो हुकूम कर्नेलमध्ये होता आणि बंद ठेवलेला होता.

मी तो चालू करायची एक कळ दिली आणि पेटीबरोबर एक छापील कागदही दिला. तीन वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं ती कळ दाबली नाही. कागद कुणी वाचला असेल तर देव जाणे.

त्या वर्षांत मध्य प्रदेशात वीज कशी जायची ते आमच्या पिढीला सांगायला नको. रब्बीचं पाणी सुरू झालं की दिवसाचे सहा-सहा तास अंधार. धारच्या एका खाजगी दवाखान्यात आमची पेटी रक्ताच्या फ्रिजवर होती. एकदा वीज गेली, पेटीची बॅटरी दीड तासात संपली आणि बोंब ठोकणारंच मुकं झालं. तिथला तंत्रज्ञ रमेश हातात थर्मामीटर घेऊन, बर्फ बदलत, वीज येईपर्यंत फ्रिजपाशी बसून राहिला. रक्त वाचलं. मी दुसऱ्या दिवशी गेलो तर तो रागावलाही नाही. एवढंच म्हणाला, "भिया, मैं बैठा था इसलिए बच गया. मेरी छुट्टी होती तो?"

परत येताना बसमध्ये मी हिशोब घातला. चिप, डिस्क आणि पडदा झोपवले असते तर तीच बॅटरी चार तास पुरली असती. ती कळ रमेशच्या हाताशीच होती आणि त्याला ठाऊक नव्हती.

इथे डिफॉल्ट हा शब्द सांगायला हवा. आमच्याकडे पोह्यांच्या ठेल्यावर तुम्ही काहीच बोलला नाहीत तर पोह्यांवर शेव आणि जीरावन मसाला पडतोच. नको असेल तर तोंड उघडावं लागतं. हे डिफॉल्ट. जगातली बहुतेक माणसं तोंड उघडत नाहीत, त्यामुळे जगाच्या पोह्यांवर काय पडणार हे ठेलेवालाच ठरवतो. मी ठरवलं, यापुढे आपण जीरावन घालायचं. पुढच्या कर्नेलमध्ये मी सगळ्या पेट्यांची झोप डिफॉल्टनं चालू केली. शिंत्रे साहेबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बॅटरी जास्त चालते ना? मग विचारायचं काय त्यात!" वर्ष दोन हजार तीनच्या आसपासचं. पेट्या दुरुस्तीला येतील किंवा मी फेरीला जाईन तसतसा नवा कर्नेल चढवत गेलो.

पहिला फोन आला सोनकच्छच्या बियाण्यांच्या गोदामातून. "भिया, तुम्हारी पेटी तो मर गई. पूरा पर्दा काला." मी म्हटलं, कुठलंही एक बटण दाबा. "अरे, जी गई!" असं आनंदानं ओरडून त्यांनी फोन ठेवला आणि दहा मिनिटांनी पुन्हा केला, "फिर मर गई." मी समजावलं की ती मेली नाही, झोपली आहे, आत काम चालू आहे. त्यांना ते पटलं असावं असं मला वाटलं. महिन्याभरानं गेलो तर गोदामातला एक धडधाकट माणूस स्टुलावर बसवलेला, आणि त्याचं काम काय, तर दर पाच मिनिटांनी बटण दाबणं. पेटीला झोप लागू नये म्हणून! मी हसलो, तिथल्या पेटीचा पडदा जागा ठेवला आणि घरी जाऊन बायकोला ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. लोकांना नव्याची भीती असते, वगैरे. तेव्हा मी फार शहाणा होतो.

दुसरा फोन पीथमपूरच्या एका औषध कंपनीतून, बर्वे मॅडमचा. ही माणसं साताऱ्याकडची. नवरा मोटारीच्या कारखान्यात, ही प्रयोगशाळेत, मुक्काम महूला. मराठी अगदी टापटिपीचं. माझं देवासी मराठी ऐकून मॅडम नेहमी गालात हसायच्या. त्या दिवशी आवाजात हसू नव्हतं.

"मुजुमदार, आमचं दमट कपाट तुम्हाला ठाऊक आहे. पाच महिन्यांचा नमुना मी परवा सकाळी अकरा वाजता काढला. दार उघडलं की तापमान पडतं. तुमच्या पेटीत ते नऊ चाळीसला पडलेलं दिसतंय. नऊ चाळीसला मी कंपनीच्या बसमध्ये होते."

ते दमट कपाट असं असतं. औषधाची गोळी दुकानात दोन वर्षं टिकेल की नाही हे पाहायला दोन वर्षं थांबणं परवडत नाही. म्हणून गोळ्या चाळीस अंशांच्या दमट कपाटात सहा महिने ठेवतात आणि दर महिन्याला थोड्या काढून तपासतात. सहा महिने कपाटाचं तापमान ठरलेल्या मर्यादेत होतं याची मिनिटामिनिटाची नोंद लागते. नोंदीत खोट निघाली तर सहा महिने पाण्यात. मॅडमच्या आधीच्या प्रमुखांना अशाच एका सदोष नोंदीपायी घरी बसावं लागलं होतं. मॅडमला ती खुर्ची मिळून वर्षही झालं नव्हतं, आणि तपासनीस यायला दहा दिवस होते.

काय झालं असावं ते मला फोनवरच कळलं. संगणक सुरू होतो तेव्हा एकदाच पाठीवरच्या छोट्या घड्याळात वेळ पाहतो. पुढे तो स्वतःचे ठोके मोजून वेळ ठेवतो. चांगल्या चिपा झोपेतही ठोके चुकत नाहीत. पण प्रत्येक पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, तिच्या बनवणाऱ्यानं एक माहितीपत्रक कोरलेलं असतं: मला अमुक झोप येते, तमुक झेपतं. पीथमपूरच्या पेटीतली पाटी स्वस्तातली, आणि तिचं माहितीपत्रक चक्क खोटं होतं. आपल्याला गाढ झोप झेपते असं ती सांगत होती, कर्नेलनं विश्वास ठेवला, आणि प्रत्येक गाढ झोपेत ती थोडे ठोके विसरत होती. नवा कर्नेल चढवल्यापासूनच्या सहा आठवड्यांत ऐंशी मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून कुणी पाहिलं असतं तर पहिल्याच आठवड्यात कळलं असतं. पण पाहणार कसं? पडदा मीच काळा करून ठेवला होता.

शिंत्रे साहेबांना सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते, हे आधी सांगतो. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मुकुंदा, तापमान तर खरं आहे ना? वेळच फक्त सरकलीय. जाऊन फाईल सरळ करून ये. कुणाचं नुकसान नाही त्यात."

मलाही तेच सुचलं होतं, खोटं कशाला बोलू. रविवारी घरी बसून मी पंचवीस ओळींचा एक प्रोग्रॅम लिहिला. तो फाईलमधल्या सगळ्या वेळा थोड्या थोड्या ताणून ऐंशी मिनिटं भरून काढणार होता. सुरुवात जुळली असती, शेवट जुळला असता. मधलं सगळं मात्र अंदाजपंचे, कारण पेटी एकसारखी झोपत नव्हती. काम कमी तेव्हा जास्त, काम जास्त तेव्हा कमी. पण मधलं कोण पाहणार होतं? फ्लॉपीवर प्रोग्रॅम घातला, लेबलावर "दुरुस्ती" असं लिहिलं, शर्टाच्या खिशात ठेवली आणि सोमवारी इंदूरमार्गे पीथमपूर गाठलं. वाटेत दहा वेळा तरी खिशावर हात गेला.

मॅडम टेबलाशी होत्या. मी बसलो, पाणी प्यालो आणि फ्लॉपी काढून टेबलावर ठेवली. म्हटलं, "दहा मिनिटांचं काम आहे. वेळा सरळ होतील."

त्यांनी फ्लॉपीकडे पाहिलं, हात लावला नाही. "ही उचला आधी. मी पाहिलीच नाही असं मला नंतर म्हणता येणार नाही."

मग त्यांनी स्वतःची प्रयोगवही माझ्यासमोर उघडली. वजनाचा एक आकडा चुकला होता. त्यावर एकच आडवी रेघ, खालचा आकडा स्वच्छ वाचता येत होता, बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख. "आमच्याकडे चूक करायला परवानगी आहे, मुजुमदार. खोडून टाकायला नाही."

मी त्या रेघेकडे बघतच राहिलो. माझे आजोबा देवास संस्थानच्या धाकट्या पातीच्या, म्हणजे धाकट्या गादीच्या, दफ्तरात होते. लहानपणी माझ्या शुद्धलेखनात गिचमीड खाडाखोड दिसली की ते पाठीत धपाटा घालत आणि म्हणत, दफ्तरात खोडत नाहीत रे, एक रेघ मारून वर सही करतात, मागून येणाऱ्याला दिसलं पाहिजे आपण काय चुकलो. संस्थानं गेली, आजोबा गेले, आणि पीथमपूरच्या प्रयोगशाळेत एक साताऱ्याची बाई मला तीच रेघ दाखवत होती. मला लाज वाटली. फ्लॉपी खिशात घातली आणि काय झालं ते सगळं सांगून टाकलं: झोप, खोटं माहितीपत्रक, डिफॉल्ट. ही पेटी मी त्यांना न विचारता बदलली होती हेसुद्धा.

"विचारलं का नाही?"

"विचारलं तर कुणी हो म्हणत नाही, मॅडम. कागद कुणी वाचत नाही."

"म्हणून न विचारता?"

मी म्हटलं, हो, न विचारता. पण सांगून टाकल्यावर तीन दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली, हे खरं.

आता प्रश्न उरला ऐंशी मिनिटांचा. पेटीतली कुठली नोंद खऱ्या घड्याळात किती वाजताची, हे दाखवायला मधे मधे खुंट्या हव्या होत्या. महिन्यातून एकदा दार उघडतं, तेवढ्यानं भागणार नव्हतं. मॅडमनी आलेखाची लांबलचक पट्टी टेबलावर पसरली. कपाटाचं तापमान सरळ रेघेत चाललेलं, आणि त्यात जागोजाग बारीक खळगे, पाव-अर्ध्या अंशाचे, मर्यादेच्या आतले. "हे काय?" मी विचारलं.

"वीज जाते तेव्हा जनरेटर चालू होईपर्यंत हीटर बंद राहतो. दोन-तीन मिनिटं."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि एकदमच उठलो.

जनरेटरच्या खोलीत कैलाश नावाचा धारकडचा माणूस होता. वीज गेली की इंजिन चालू करायचं आणि आली की बंद करायचं, एवढंच त्याचं काम. पण प्रत्येक वेळी तो शंभर पानी वहीत वेळ लिहायचा, आणि दर पानाच्या डोक्यावर "जय माताजी". कुणी सांगितलेलं नव्हतं. आधीच्या एका फेरीत मीच त्याची थट्टा केली होती, "क्या भिया, महाभारत लिख रहे हो?" तेव्हा तो ओशाळून म्हणाला होता, "कई करूँ साब, आदत है."

आता त्याच्यापुढे हात जोडायची पाळी माझी. मी विचारलं, "कैलाश भिया, घड़ी किससे मिलाते हो?"

त्यानं फडताळावरचा रेडिओ दाखवला. "आठ बजे के समाचार से, साब. रोज. एक मिनट इधर-उधर हुई तो चैन नी पड़े."

दोन दिवस मी आणि मॅडम समोरासमोर बसलो. त्या पट्टीवरचा खळगा वाचायच्या, मी वहीतली वेळ वाचायचो. पहिल्या दिवशी फरक एक मिनिटाचा. आठवड्यानं नऊ. मधे एका रविवारी एकदम चार मिनिटांची उडी, कारखाना बंद असताना पेटीनं मनसोक्त ताणून दिली होती. खळग्यामागून खळगा, वहीतल्या ओळीमागून ओळ, एकही उलटसुलट नाही. कैलाशच्या मुलीच्या लग्नाचे तीन दिवस वही कोरी होती. ते दिवस आम्ही कोरेच सोडले आणि तसं लिहिलं.

मूळ फाईलला हात लावला नाही. वेगळा अहवाल केला: काय चुकलं, कधीपासून, वहीवरून खरी वेळ कशी काढली. शेवटी "ही सोय गिऱ्हाइकाला न विचारता मी चालू केली होती" असं वाक्य मॅडमनी घालायला सांगितलं आणि मी घातलं, खाली सही केली. शिंत्रे साहेबांनी ते वाचलं, दोन दिवस आपल्याकडेच ठेवून घेतलं, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच त्याखाली आपली सही करून कागद माझ्या टेबलावर ठेवला.

तपासनीस आले त्या दिवशी मला बोलावणं होतं. चष्मेवाले, मितभाषी गृहस्थ. अहवाल त्यांनी दोनदा वाचला. मग मला विचारलं, "डिफॉल्ट में चालू किसने किया?" मी म्हटलं, मी. मग कैलाशला बोलावलं. तो हात पुसत आला, घामानं डबडबलेला. त्याला वाटलं त्याच्याच हातून काही घडलंय. तपासनिसांनी त्याची वही चाळली, आपलं मनगटी घड्याळ त्याच्या घड्याळाशेजारी धरलं आणि दोन्ही ताडून पाहिली. मॅडम पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या. मी भिंतीवरची आग विझवायची सूचना पाठ केली.

"स्टडी चलने दीजिए," ते म्हणाले आणि पुढच्या फाईलकडे वळले.

मॅडम बाहेरच्या व्हरांड्यात आल्या आणि भिंतीला टेकून चक्क मटकन बसल्या. मला वाटलं चक्कर आली. तर बाई हसत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. म्हणाल्या, "पाच महिने, मुजुमदार. पाच महिने!" मीही शेजारी टेकलो. नेमकी तेवढ्यात वीज गेली, यंत्रांची घरघर थांबली, आणि जनरेटरच्या खोलीकडे पळताना कैलाश आधी मनगटाकडे बघतोय हे आम्ही दोघांनीही पाहिलं. वीज मंडळाचे आभार मानणारा त्या काळातला मी एकटाच असेन.

झोपेचं डिफॉल्ट मी काढलं नाही, कारण धारला रमेशची सुट्टी असू शकते. पण खोटं बोलणाऱ्या पाट्यांची एक यादी कर्नेलमध्ये घातली. त्यांना गाढ झोप नाही. आणि नवा कर्नेल चढवण्याआधी गिऱ्हाइकाला समोर बसवून, वाचून दाखवून, सही घ्यायला लागलो. पीथमपूरच्या त्या पाटीचं नाव मी मूळ कर्नेल लिहिणाऱ्या जगभरच्या मंडळींनाही कळवलं. त्यांच्या यादीत त्या एका ओळीची भर पडली. माझ्या नोकरीत साऱ्या जगाला उपयोगी पडलेलं काम तेवढंच, एक ओळ.

मॅडम पुढे पुण्याला गेल्या. संक्रांतीला फोन येतो, आणि माझ्या मराठीला अजून हसतात. कैलाशनं निवृत्त होताना ती वही मला देऊ केली होती, पण ती कंपनीच्या दफ्तरात जमा झालेली, तिथेच राहिली हे बरं झालं.

माझ्याकडे ती फ्लॉपी आहे. तपासनीस आले त्या दिवशी घरी पोचल्यावर मी ती बाहेर काढली. तोडून टाकणार होतो. मग लेबलावरच्या "दुरुस्ती" या शब्दावर एक आडवी रेघ मारली आणि बाजूला सही केली, तारीख घातली. ती वाचणारं यंत्र आता घरात नाही. शब्द मात्र रेघेखाली अजून स्वच्छ वाचता येतो.